जीपीएस असताना व्हीओआर, आयएलएस आणि एआयपी कशासाठी शिकायचे?

प्रश्न एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाचा आहे आणि तो रास्त आहे. व्यावसायिक परवान्याच्या नेव्हिगेशनच्या पेपरसाठी एनडीबी आणि व्हीओआर (दिशा सांगणारी), डीएमई (अंतर सांगणारे) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरायला मार्ग दाखवणारे) या जमिनीवरील रेडिओ साधनांची तत्त्वे घोकावी लागतात, पण प्रत्यक्ष उड्डाणात समोरच्या पडद्यावर जीपीएसचा नकाशा अखंड दिसत असतो. तेव्हा ही जुनी साधने आता केवळ परीक्षेपुरती उरली आहेत का, कॉकपिटमधल्या उपकरणांवर कितपत विसंबावे, आणि एआयपीच्या, म्हणजे देशाच्या अधिकृत वैमानिकी माहिती-ग्रंथाच्या, शेकडो पानांतून नेमके काय वाचावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर धावपट्टी १० कडे जीपीएसवर आधारित पद्धतीने येणाऱ्या काही विमानांना बनावट उपग्रह-संकेत मिळू लागले. या प्रकाराबाबत केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात असे म्हटले आहे की, धावपट्ट्यांच्या ज्या टोकांना जमिनीवरील पारंपरिक साधने चालू होती, तिथल्या वाहतुकीवर परिणाम झाला नाही. अमृतसर आणि जम्मूच्या सीमावर्ती भागात असे हस्तक्षेप त्याआधीपासूनच नोंदले जात होते.

यातली खरी अडचण नीट समजून घ्यायला हवी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि तिथून जमिनीपर्यंत पोहोचणारा संकेत इतका क्षीण असतो की, तो दडपण्यासाठी फार शक्तिशाली यंत्रणा लागत नाही. संकेत नुसता दडपला गेला तर निदान इशारा तरी मिळतो. बनावट संकेत मिळाला तर मात्र विमान स्वतःला भलत्याच ठिकाणी समजते आणि सगळे पडदे एकमताने तीच चुकीची जागा दाखवतात, कारण आधुनिक विमानात फ्लाइट मॅनेजमेंट संगणक, भूभागाची सूचना देणारी यंत्रणा, विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारी एडीएस-बी आणि कधीकधी घड्याळसुद्धा एकाच जीपीएसवर चालत असते. पाच उपकरणे एकच गोष्ट सांगत असली तरी त्या पाचांचा स्रोत एकच असेल, तर तो एकच पुरावा मानायचा. व्हीओआर आणि डीएमईचे आजचे महत्त्व त्यांच्या अचूकतेत नाही, कारण अचूकतेत ती जीपीएसच्या जवळपासही येत नाहीत. त्यांचे महत्त्व हे आहे की त्यांचा स्रोत वेगळा आहे.

आता एकेक साधन घेऊ. व्हीओआर १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. केंद्राकडून ३० हर्ट्झचे दोन संकेत निघतात. एकाची कला (फेज) सर्व दिशांना सारखी असते, तर दुसऱ्याची कला दिशेनुसार बदलत जाते. चुंबकीय उत्तरेला दोन्ही एकाच कलेत असतात. पूर्वेला त्यांच्यात ९० अंशांचा फरक पडतो, दक्षिणेला १८० अंशांचा. विमानातला रिसीव्हर हा फरक मोजतो आणि तुम्ही कोणत्या रेडियलवर, म्हणजे केंद्रातून निघणाऱ्या कोणत्या दिशारेषेवर, आहात ते सांगतो. यात विमानाचे नाक कुठे आहे याचा काहीही संबंध येत नाही, आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थी इथेच घसरतात. समजा तुम्ही मुंबईच्या पूर्वेला ०९० रेडियलवर आहात आणि केंद्राकडे येत आहात, म्हणजे तुमचे हेडिंग (नाकाची दिशा) २७० आहे. ओबीएसवर, म्हणजे हवा तो मार्ग निवडायच्या गुंडीवर, २७० ठेवलेत तर ‘टू’ दिसेल आणि सुई ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला वळायचे असा सरळ व्यवहार राहील. ओबीएसवर ०९० राहून गेले तर ‘फ्रॉम’ दिसेल, सुई उलटी वागेल आणि तुम्ही जितके सुईच्या मागे जाल तितके मार्गापासून दूर जाल. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते. त्याला विचारलेला प्रश्न उलटा असतो. एचएसआय, म्हणजे हेडिंग आणि व्हीओआर एकत्र दाखवणारे उपकरण, असलेल्या विमानात हा गोंधळ बराच कमी होतो, कारण सुई हेडिंगच्या तबकडीवरच बसवलेली असते. म्हणूनच एचएसआय नसलेल्या जुन्या सेसना १५२ वर व्हीओआर शिकलेला विद्यार्थी पुढे कुठेही अडत नाही, असे माझे मत आहे.

सुईचा प्रत्येक ठिपका २ अंशांचा आणि पूर्ण विचलन १० अंशांचे असते. ६० नॉटिकल मैलांवर १ अंश म्हणजे साधारण १ मैल, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे तोंडी सुटते: ३० मैलांवर एक ठिपका म्हणजे १ मैल बाजूला, तर पूर्ण विचलन म्हणजे किमान ५ मैल. केंद्राच्या डोक्यावर सुई सैरभैर होते, तिच्यामागे धावायचे नसते; हेडिंग धरून ठेवायचे आणि ‘फ्रॉम’ स्थिर होण्याची वाट पाहायची. पल्ला दृष्टिरेषेत असतो. उंचीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला १.२३ ने गुणले की तो नॉटिकल मैलांत मिळतो: १०,००० फुटांवर सुमारे १२३ मैल, ५,००० फुटांवर सुमारे ८७. हे गणित सपाट मुलखाचे आहे. मधे सह्याद्रीची रांग आली की घाटमाथ्याच्या पलीकडे कमी उंचीवर उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला किनाऱ्यावरचे केंद्र गणितापेक्षा बरेच आधी दिसेनासे होते.

व्हीओआर वापरण्यापूर्वी त्याची ओळख पटवणे अनिवार्य आहे. मुंबईचे व्हीओआर ११६.६ मेगाहर्ट्झवर आहे आणि त्याची मोर्स खूण बी-बी-बी अशी आहे. कानावर एक लांब आणि तीन आखूड, असे तीनदा पडले पाहिजे. दुरुस्ती चालू असताना केंद्राची खूण काढून घेतली जाते किंवा तिच्या जागी चाचणीचा संकेत पाठवला जातो. त्या काळात सुई अगदी शहाण्यासारखी वागत असली तरी ती वापरायची नाही.

डीएमईमध्ये विचारणारे विमान असते आणि उत्तर देणारे केंद्र. विमान स्पंदांच्या जोड्या पाठवते, केंद्र ५० मायक्रोसेकंद थांबून ६३ मेगाहर्ट्झ दूरच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते आणि मधल्या वेळावरून अंतर निघते. हे अंतर तिरके असते. ३०,००० फुटांवर केंद्राच्या बरोबर डोक्यावर असतानाही डीएमई जवळपास ५ मैल दाखवील. दूर असताना हा फरक नगण्य असतो. डीएमईवर दिसणारा ग्राउंडस्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) मात्र सरळ केंद्राकडे किंवा केंद्रापासून जातानाच खरा धरायचा.

एनडीबीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचा वापर झपाट्याने कमी होत आहे. मध्यम लहरींवर चालत असल्याने सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी सुई भरकटते, किनारा तिरका ओलांडणारी लहर वाकते, आणि मे-जूनच्या वळवाच्या ढगांत तर सुई केंद्र सोडून विजांकडे वळते. त्याहून गंभीर बाब अशी की एडीएफला, म्हणजे एनडीबीचा संकेत पकडणाऱ्या विमानातल्या यंत्राला, बिघाड दाखवणारा झेंडा नसतो. केंद्र बंद पडले तरी सुई शेवटच्या जागी निमूट उभी राहू शकते. त्यामुळे एनडीबीवर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे) करताना त्याची मोर्स खूण शेवटपर्यंत ऐकू येत राहिली पाहिजे.

आयएलएसकडे अधिक लक्ष द्या. धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर डावीकडे ९० हर्ट्झ आणि उजवीकडे १५० हर्ट्झ प्रबळ असलेले संकेत पाठवतो, उतरण्याचा कोन दाखवणारा ग्लाइड पाथ वरच्या अंगाला ९० आणि खालच्या अंगाला १५० पाठवतो. दोन्ही समान झाले की सुया मध्यावर येतात. लोकलायझरचे पूर्ण विचलन २.५ अंशांचे असते, म्हणजे सुई व्हीओआरपेक्षा चौपट हळवी असते. प्रवर्ग १ मध्ये निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर उतरणे सोडून द्यायची उंची, २०० फूट आणि धावपट्टीवरील दृश्यमानता ५५० मीटर असते. ही अंतिम मर्यादा साधन, विमान आणि वैमानिक या तिघांच्या पात्रतेवर ठरते. विमानतळाला प्रवर्ग ३ चे साधन आहे म्हणून तुम्हाला त्याचा अधिकार मिळत नाही.

ग्लाइड पाथची एक खोड आहे. खऱ्या ३ अंशांच्या मार्गाच्या वर, साधारण ९ अंशांच्या आसपास, खोटे मार्ग तयार होतात आणि तिथेही सुई मध्यावर येऊ शकते. म्हणून ग्लाइड पाथ नेहमी खालून पकडायचा, आणि पकडल्यानंतर अंतराशी उंची ताडून पाहायची. ३ अंशांच्या मार्गावर प्रत्येक नॉटिकल मैलाला सुमारे ३१८ फूट उतार असतो; उंबरठ्यावरचे ५० फूट धरले तर ५ मैलांवर तुम्ही उंबरठ्याच्या साधारण १,६४० फूट वर असायला हवे. उतरण्याचा वेग ग्राउंडस्पीडच्या पाचपट फूट प्रति मिनिट ठेवावा: १२० नॉट असतील तर ६००, १४० असतील तर ७००. हा वेग अचानक दीड-दोन हजारांवर जात असेल, तर सुई काहीही सांगो, अप्रोच सोडून द्या.

फायनल अप्रोच फिक्सवर, म्हणजे शेवटचा उतार जिथून सुरू होतो त्या बिंदूवर, चार्टमध्ये छापलेली उंची आणि अल्टिमीटरवरची उंची जुळते का हे मोठ्याने म्हणून दाखवायची पद्धत आहे. बरेच जण ती मंत्रासारखी उरकतात. ग्लाइड पाथ रेडिओने येतो आणि अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो. त्या एका क्षणी दोन स्वतंत्र साक्षी समोरासमोर उभ्या राहतात. जुलैमध्ये मुंबईचा क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. उतरताना तो लावायचा राहिला आणि अल्टिमीटर १०१३ या प्रमाण दाबावरच राहिला, तर १० हेक्टोपास्कलला अडीचशे ते तीनशे फूट या हिशेबाने तो विमानाची उंची तेवढी जास्त दाखवील. म्हणजे चाके जमिनीला टेकतील तेव्हाही उपकरणावर विमानतळाच्या वर अडीचशे फूट दिसत असतील आणि २०० फुटांचा निर्णय घेण्याची वेळच येणार नाही. फिक्सवरची ती एक तुलना ही चूक उघडी पाडते. बॅरो-व्हीएनएव्ही वापरणाऱ्या अप्रोचमध्ये उतरण्याचा मार्गच अल्टिमीटरच्या दाबावरून काढलेला असल्याने ही तुलना आंधळी होते; मार्ग आणि उंची दोन्ही एकाच चुकीने सरकतात. जीपीएसच्या चुका दुरुस्त करणाऱ्या ‘गगन’ या भारतीय उपग्रह यंत्रणेच्या मदतीने होणाऱ्या एलपीव्ही अप्रोचमध्ये, ज्याचा वापर प्रवासी विमानाने २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला केला, दाबाची ही अडचण नाही, पण तिथे मूळ आधार पुन्हा उपग्रहाचाच आहे.

साधने चालू असून ती वापरली गेली नाहीत तर काय होते, याची नोंद आपल्या जुन्नरच्या डोंगरात आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान तिथे आदळले आणि विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत अशा समजुतीने वैमानिक वेळेआधीच खाली उतरले होते. स्थान पडताळण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा वापर न होणे, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीखाली जाणे आणि त्या भूभागाची अपुरी ओळख ही कारणे चौकशीत पुढे आली. यात एक बारकावा आहे. अप्रोच चार्टवरच्या वर्तुळात दिलेली किमान सेक्टर उंची (एमएसए) साधारणतः केंद्रापासून २५ नॉटिकल मैलांपर्यंतच लागू असते. जुन्नरची जागा विमानतळापासून ८० हून अधिक किलोमीटर, म्हणजे त्या वर्तुळाच्या बरीच बाहेर आहे. ‘एमएसए इतकी आहे, मग उतरायला हरकत नाही’ असे म्हणण्याआधी आपण त्या वर्तुळाच्या आत आहोत का, हे डीएमईवर पाहिले पाहिजे. बाहेर असू तर मार्गाची किमान उंची किंवा चार्टवरच्या चौकोनाची किमान उंचीच लागू होते. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे, आणि तो मुंबईपासून फार लांब नाही.

स्वच्छ हवेतही साधन लावून ठेवावे, याला मुंबईतच दोन पुरावे आहेत. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे कॉमेट आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या जवळपास समांतर आहेत आणि मधे थोडेच किलोमीटर आहेत. तेव्हा डोळ्यांना धावपट्टी दिसत असली तरी ती लोकलायझरशी जुळते का, हे पाहण्यात कमीपणा नाही.

उपकरणांच्या बाबतीतही हाच स्वतंत्र साक्षीचा नियम लागतो. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून उड्डाण केल्यानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा बळी गेला. कॅप्टनसमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते; बाहेर रात्र होती आणि खाली काळा समुद्र, म्हणजे डोळ्यांना क्षितिज नव्हते. विमानात कल दाखवणारी इतर उपकरणे होती. त्यांच्याशी तुलना करून बिघडलेले उपकरण वेळेत बाजूला काढले गेले नाही. तुमच्या एक इंजिनाच्या विमानात कृत्रिम क्षितिज एकच असेल, तर त्याची साक्ष टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारे उपकरण), हेडिंग आणि वेग यांच्याकडून घ्यायची: क्षितिज उजवीकडचा कल दाखवत आहे पण हेडिंग स्थिर आहे आणि टर्न कोऑर्डिनेटर सपाट आहे, असे असेल तर खोटे कोण बोलते आहे ते उघड आहे.

दाबावर चालणाऱ्या तीन उपकरणांचे बिघाड ओळखण्याजोगे असतात. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. नळी आणि तिचे निचऱ्याचे छिद्र दोन्ही बुजले, तर वेगदर्शक अल्टिमीटरसारखा वागू लागतो, म्हणजे वर चढताना वेग वाढत असल्याचे दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून नाक वर ओढत गेलात तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल संपते. स्टॅटिक छिद्र बुजले तर अल्टिमीटर जागीच थिजतो आणि चढ-उताराचा वेग दाखवणारा व्हीएसआय शून्यावर बसतो. हेडिंग इंडिकेटर पृथ्वीच्या फिरण्यामुळेच मुंबईच्या अक्षांशावर तासाला सुमारे ५ अंश सरकतो, त्यात यंत्राचे घर्षण वेगळे. दर दहा-पंधरा मिनिटांनी, विमान सरळ आणि सपाट असताना, तो होकायंत्राशी जुळवावा. इथे परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: महाराष्ट्रात चुंबकीय विचलन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) शून्याच्या जवळ असल्याने ते विसरले तरी चालून जाते. न्यूझीलंडमध्ये ते वीस अंशांच्या घरात असते, आणि तिथे पहिल्याच क्रॉस-कंट्रीला (लांबच्या सराव उड्डाणाला) ही सवय महागात पडते.

एआयपी पहिल्या पानापासून वाचण्याचा ग्रंथ नाही. त्याचे तीन भाग असतात: जेन म्हणजे सर्वसाधारण, ईएनआर म्हणजे मार्गातील, आणि एडी म्हणजे विमानतळांचा. भारताचे एआयपी भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते. मार्गातली रेडिओ साधने ईएनआर ४.१ मध्ये मिळतात. प्रत्येक विमानतळाचा तपशील एडी २ मध्ये एकाच क्रमाने येतो, त्यामुळे जगात कुठेही गेलात तरी हव्या त्या पानावर थेट जाता येते. माझा क्रम असा असतो: आधी एडी २.३ मधील कामकाजाच्या वेळा, कारण पुण्यासारखा हवाई दलाचा किंवा गोव्यातल्या दाभोळीसारखा नौदलाचा विमानतळ चोवीस तास आपल्यासाठी उघडा असतोच असे नाही, मग २.१० मधील अडथळे, २.१२ आणि २.१३ मधील धावपट्टी आणि जाहीर अंतरे, २.१९ मधील रेडिओ साधने आणि शेवटी २.२२ मधील उड्डाण कार्यपद्धती. २.१९ च्या शेरा रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. एखादे व्हीओआर अमुक रेडियल्समध्ये अमुक उंचीखाली वापरता येत नाही, अशी सूचना तिथे एका ओळीत दडलेली असते.

एआयपीतले महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या एआयआरएसी चक्राने ठरलेल्या तारखेलाच लागू होतात. टॅबलेटमधला चार्ट आणि विमानातल्या जीपीएसचा डेटाबेस वेगवेगळ्या चक्रांचे असतील, तर दोघांत एकाच नावाचा अप्रोच वेगवेगळा असू शकतो. उड्डाणापूर्वी दोन्हींची मुदत पाहावी.

चक्राच्या मधे जे बदलते ते नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनेत, येते. समजा त्याच्या संकेतांच्या क्यू ओळीत ‘व्हीएबीएफ’ आणि ‘क्यूएनव्हीएएस’ असे दिसले, तर पहिले मुंबई हवाई माहिती क्षेत्र, एनव्ही म्हणजे व्हीओआर आणि एएस म्हणजे सेवेत नाही. एनव्हीच्या जागी आयजी असेल तर ग्लाइड पाथ बंद आहे, म्हणजे लोकलायझरचाच अप्रोच करावा लागेल आणि त्याची किमान उंची जास्त असेल. इंधनाचा आणि पर्यायी विमानतळाचा हिशेब तिथूनच बदलतो. पर्यायी विमानतळाचेही नोटॅम वाचायचे असतात, आणि हे पाऊल हमखास गाळले जाते. वेळा यूटीसीत असतात. ०३३० ते ११३० म्हणजे आपल्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ५. चार तारखेचे १९०० यूटीसी म्हणजे भारतीय वेळेनुसार पाच तारखेची रात्रीची साडेबारा, तेव्हा रात्रीच्या उड्डाणात तारीखसुद्धा बदलून वाचावी. समाप्तीच्या वेळेपुढे ‘ईएसटी’ असे असेल तर ती अंदाजी असते; ती वेळ उलटून गेली म्हणून साधन सुरू झाले असे समजू नये, नोटॅम रद्द किंवा बदललेला दिसेपर्यंत ते बंदच धरावे.

परीक्षेसाठी तुम्हाला फ्रिक्वेन्सींचे पट्टे आणि कलेचा फरक पाठ करावाच लागेल, त्याला इलाज नाही. पण पुढच्या क्रॉस-कंट्रीपासून एवढे जरूर करा: जीपीएसवर मार्ग चालू असतानाच जवळचे व्हीओआर-डीएमई लावा, खूण ऐका, आणि दर वळणबिंदूवर रेडियल आणि अंतर फ्लाइट लॉगमध्ये जीपीएसच्या स्थानाशेजारी लिहा. दोन आकड्यांत एरवी किती फरक असतो याची सवय झाली, की ज्या दिवशी तो अचानक वाढेल त्या दिवशी तुम्हाला तो पहिल्या नोंदीतच दिसेल.